विंडोज, मॅक आणि उबुंटू एकाच शेअरवर: रोज सकाळी ७७७ मारण्याऐवजी काय करायचं

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं. दिवाळी अंक आणि वर्षभर छपाईची कामं करणारं ऑफिस, अकरा माणसं, सहा विंडोज, तीन मॅक, दोन उबुंटू, आणि एका जुन्या मशीनवर उबुंटू टाकून केलेला सांबा सर्व्हर (सांबा म्हणजे लिनक्सवरचे फोल्डर नेटवर्कवरून बाकी मशीनना देणारं सॉफ्टवेअर), त्यावर सगळ्यांसाठी एकच मोठं शेअर, म्हणजे नेटवर्कवरून उघडणारा सामायिक फोल्डर. एकाने सेव्ह केलेली फाईल दुसऱ्याला रीड-ओन्ली उघडते, मॅकवाल्यांच्या काही फायली विंडोजवर भलत्याच नावाने दिसतात, उबुंटूवाल्यांना मधूनच परमिशन डिनाइड येतं, आणि लेखकांच्या मानधनाचा फोल्डर सगळ्यांना दिसतो ते मालकांना नकोय. यावर सध्याचा इलाज म्हणजे क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय) रोज सकाळी सगळ्यावर सी-एच-मॉड ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळं करायची परवानगी. आणि विचारताय की लिनक्सवाल्यांसाठी एनएफएस (फोल्डर शेअर करायची लिनक्सकडची पद्धत) वेगळं सुरू करू का, की हे सगळं सोडून रेडिमेड नॅस, म्हणजे नेटवर्कवर लावायचा तयार डिस्कचा डबा, घेऊ.

नॅसचं आधी उरकतो. घ्यायला हरकत नाही, पण त्या डब्याच्या आतही बहुतेक वेळा लिनक्स आणि सांबाच असतो, वर छान वेब-पॅनल असतं इतकंच. आत्ता जो गोंधळ आहे तो जसाच्या तसा त्यावर कॉपी केला तर पैसे जाऊन तोच गोंधळ राहील. हार्डवेअर म्हातारं झालं असेल, डिस्क कुरकुरत असेल, किंवा तुम्ही सोडून गेल्यावर ते सांभाळणारं कुणी नसेल तर जरूर घ्या, पण परमिशनसाठी म्हणून घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की तीन ऑपरेटिंग सिस्टिम एकमेकांशी जमवून घेत नाहीत. मला तसं वाटत नाही. भांडण आहे ते "हा माणूस कोण" या प्रश्नावर. विंडोज माणसाला एका लांबलचक एसआयडीने ओळखतं, मॅक आणि लिनक्स नंबरने ओळखतात, आणि तो नंबरही सारखा नसतो, मॅकवर बनवलेला पहिला यूझर ५०१ असतो आणि उबुंटूवरचा पहिला यूझर १०००. म्हणजे प्रत्येक मशीनवर जाऊन हक्क ठरवायला गेलात तर अकरा ठिकाणी अकरा वेगळ्या भाषांत तेच सांगत बसाल. माझ्या कामात मी एकच गोष्ट धरून चालतो: कोण आहे आणि त्याला काय करता येईल हे फक्त सर्व्हरने ठरवायचं, तेही माणसाला नाही तर गटाला हक्क देऊन, आणि सगळ्यांनी एकाच दाराने आत यायचं. बाकी जे लिहितोय ते याचंच सविस्तर आहे.

एकच दार म्हणजे एसएमबी, विंडोजची फाईल शेअर करायची पद्धत, सांबाही तीच बोलतो. लिनक्ससाठी एनएफएस सुरू करायचा मोह मला कळतो, दोन लिनक्स मशीनमध्ये ते मस्त चालतं, सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये काढलेलं आहे आणि आजही सर्व्हर-सर्व्हरमध्ये मी तेच वापरतो. पण त्याच्या साध्या सेटिंगमध्ये सर्व्हर क्लायंटने सांगितलेल्या नंबरवर विश्वास ठेवतो. ज्याच्या हातात लॅपटॉपचा सुडो (ॲडमिनचे हक्क) आहे तो उद्या त्या मशीनवर मालकांच्या नंबरचा यूझर बनवेल आणि मानधनाचा फोल्डर आरामात वाचेल. हे थांबवायला केर्बेरॉस, म्हणजे माणूस खरंच तोच आहे का हे तपासणारी वेगळी व्यवस्था, लागतं, आणि अकरा माणसांच्या ऑफिसात फक्त दोन लॅपटॉपसाठी केर्बेरॉस उभं करणं मला तरी पटत नाही. दुसरं म्हणजे एकच फोल्डर एसएमबी आणि एनएफएस दोन्हीकडून उघडा ठेवला की फाईल लॉकचं काय होईल हे सेटिंगवर अवलंबून राहतं, एक जण विंडोजवरून एक्सेल उघडून बसलाय हे एनएफएसवाल्याला कळेलच असं नाही. मॅकचं जुनं एएफपी तर विषयच संपलाय, ॲपलने स्वतः २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून एसएमबी पुढे केलं आणि बिग सरपासून मॅकवरून एएफपीने शेअर करणंही बंद झालं. त्यामुळे तिन्हीकडे एसएमबी, आवृत्ती २ किंवा ३. कुणी म्हणालं की जुना स्कॅनर चालत नाही म्हणून एसएमबी१ चालू करा, तर त्या स्कॅनरची दुसरी सोय लावा. २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरलं ते त्याच आवृत्तीतल्या भोकातून, त्याच वर्षी विंडोज १० ने ती नव्या इन्स्टॉलमधून काढली आणि सांबाने ४.११ पासून डिफॉल्ट बंद केली.

आता प्रत्येकाचं सर्व्हरवर स्वतःचं खातं. "ऑफिस" नावाचं एकच खातं सगळ्यांनी वापरायचं हे आजच बंद करा, नाहीतर फाईल कुणी उडवली हे कधीच कळणार नाही. इथे सांबामध्ये एक जागा आहे जिथे बरेच जण अडकतात: लिनक्सचं खातं वेगळं आणि सांबाचा पासवर्ड वेगळा, दोन्ही लागतात. लिनक्स खातं बनवताना शेल नो-लॉगिन द्या म्हणजे तो माणूस सर्व्हरवर थेट शिरू शकत नाही, मग एसएमबी-पासवर्ड कमांडने त्याच नावाला पासवर्ड द्या. अकरा माणसांना हे हाताने जमतं. पंचवीस-तीसच्या पुढे गेलात, किंवा माणसं सारखी येत-जात असतील, तर मग डोमेनचा, म्हणजे सगळी खाती एका जागी सांभाळण्याचा, विचार करा, सांबा ४.० पासून, म्हणजे २०१२ च्या डिसेंबरपासून, सांबा स्वतःच ॲक्टिव्ह डिरेक्टरी सर्व्हर होऊ शकतो. पण आत्ता नको, तुमच्याकडे ते म्हणजे आगीतून फुफाट्यात होईल.

मग गट. तुमच्याकडे मला चार दिसतात: संपादन, डिझाइन, हिशेब आणि मालक. माणूस एकापेक्षा जास्त गटांत असू शकतो, काही बिघडत नाही. फोल्डरवर हक्क द्यायचे ते फक्त गटाला. नवीन माणूस आला की त्याला गटात टाकायचं, गेला की काढायचं, फोल्डरला हातच लावायचा नाही. आणि हो, गटात टाकल्यावर लगेच चालत नाही म्हणून घाबरू नका, जुनं कनेक्शन जुन्या गटांसहच चालू असतं, त्या माणसाला एकदा लॉग-ऑफ करून परत यायला सांगा.

एकच मोठं शेअर तोडून चार शेअर करा, हा माझा आग्रह आहे. एका मोठ्या शेअरच्या आत पाचव्या पायरीवर एक गुप्त फोल्डर, त्याच्या आत परत एक सगळ्यांसाठी खुला फोल्डर, असली रचना कागदावर ठीक दिसते पण सहा महिन्यांनी ती कुणालाच समजत नाही. मी नियम असा ठेवतो की हक्क शेअरच्या पातळीवर बदलतील, फार तर त्याखालच्या एका पातळीवर, त्याच्या खाली सगळं वारशाने येईल. त्यात मानधन हे वेगळंच शेअर, व्हॅलिड यूझर्स या सेटिंगमध्ये फक्त हिशेब आणि मालक हे दोन गट, गटाच्या नावाआधी ॲटचं चिन्ह लागतं. हे दोन गट असल्यामुळे मानधनासाठी एक तिसरा गट काढलात आणि त्यात दोन्हीकडची माणसं टाकलीत तर अजून सोपं, कारण पुढे फोर्स ग्रुप या सेटिंगमध्ये एकच नाव देता येतं. दिसूच नये असं हवं असेल तर "ॲक्सेस बेस्ड शेअर एनम" हे सेटिंग यस करा, हे शेअरवरच्याच हक्कांकडे बघतं, ज्याला हक्क नाही त्याला यादीत ते शेअर येतच नाही. नुसतं "ब्राउझेबल नो" केलं तर ते सगळ्यांनाच लपतं, मालकांनाही, आणि नाव माहीत असलेला कुणीही ते टाइप करून प्रयत्न करू शकतो. लपवणं म्हणजे संरक्षण नाही, खरं काम व्हॅलिड यूझर्स करतं आणि त्याखाली फोल्डरची परमिशन करते.

आता तुमचा मुख्य आजार, सेव्ह केलेली फाईल दुसऱ्याला रीड-ओन्ली होणं. इथे जरा थांबून सांगतो कारण हे कळलं की अर्धे प्रश्न सुटतात.

आपल्याला वाटतं की वर्ड किंवा एक्सेल असलेल्या फाईलमध्येच बदल लिहितं. तसं होत नाही. ते त्याच फोल्डरमध्ये एक तात्पुरती फाईल बनवतं, त्यात सगळं नव्याने लिहितं, मग जुनी फाईल बाजूला काढतं आणि नवीला जुन्याचं नाव देतं. म्हणजे नाव तेच, पण लिनक्सच्या दृष्टीने ती नव्याने जन्मलेली फाईल असू शकते, जिचा मालक आहे शेवटचा सेव्ह करणारा. बरं, सांबामध्ये नव्या फाईलचा डिफॉल्ट क्रिएट मास्क आहे ०७४४. शेवटचे दोन चार बघा, गट आणि बाकीचे, दोघांनाही फक्त वाचायची परवानगी. झालं, सकाळी क्रॉनने ७७७ केलेली फाईल दहा वाजता कुणीतरी उघडून सेव्ह केली की ती ७४४ होऊ शकते आणि अकरा वाजता तुम्हाला फोन येतो. रोज मरे त्याला कोण रडे अशी त्या क्रॉनची गत आहे.

त्यामुळे फाईलची परमिशन दुरुस्त करण्यात अर्थ नाही, फाईल जन्मताना तिला काय मिळेल ते ठरवायचं. प्रत्येक शेअरच्या भागात एसएमबी डॉट कॉन्फ या सांबाच्या सेटिंग फाईलमध्ये चार गोष्टी: क्रिएट मास्क आणि फोर्स क्रिएट मोड दोन्ही ०६६० (मालक आणि गटाला वाचणं-लिहिणं, बाकीच्यांना काही नाही), डिरेक्टरी मास्क आणि फोर्स डिरेक्टरी मोड दोन्ही २७७०, फोर्स ग्रुपमध्ये त्या शेअरचा गट, आणि डिस्कवरच्या मूळ फोल्डरचा गट तोच करून त्यालाही २७७०. पुढचा २ म्हणजे सेट-जीआयडी, त्याच्यामुळे आत बनणारी प्रत्येक गोष्ट बनवणाऱ्याच्या गटात न जाता फोल्डरच्या गटात जाते. हे केल्यावर एकदा, फक्त एकदा, जुन्या सगळ्या फायलींचा गट आणि परमिशन सरळ करून घ्या, फोल्डरना २७७० आणि फायलींना ६६०, दोन्ही वेगळे चालवा नाहीतर सगळ्या डॉक्युमेंट एक्झिक्यूटेबल होतील जशा आत्ता झाल्यात. मग तो क्रॉन काढून टाका. तो राहिला तर तुमची नवी व्यवस्था रोज सकाळी मोडून टाकेल आणि तुम्ही मला परत शिव्या घालाल.

याच सेव्हच्या पद्धतीमुळे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. बरेच मालक म्हणतात, लोकांना लिहू दे पण डिलीट करू देऊ नको. ऐकायला छान, पण डिलीट आणि रिनेम काढून घेतलं की ऑफिसचं सेव्हच अर्धवट राहतं, फोल्डरमध्ये आठ अक्षरी विचित्र नावांच्या, एक्स्टेन्शन नसलेल्या फायली साठायला लागतात. इनडिझाइनची लॉक फाईलही मग तिथेच पडून राहते आणि डिझाइनरला वाटतं की दुसऱ्या कुणीतरी अंक उघडून ठेवलाय. डिलीटची भीती असेल तर ती परमिशनने नाही, रीसायकलने आणि स्नॅपशॉटने सोडवायची, त्याकडे खाली येतो.

इतकं करूनही काही फायली चुकीच्या गटात सापडतील, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा कट-पेस्ट असतं. कॉपी केली की नवी फाईल बनते आणि ती नव्या फोल्डरचे गुण घेते. एकाच शेअरच्या आत हलवली की ती फक्त नाव आणि जागा बदलते, जुने हक्क तसेच घेऊन येते. विंडोजच्या स्वतःच्या एनटीएफएसवरही एकाच ड्राइव्हच्या आत असंच होतं, त्यामुळे सांबाला दोष देऊ नका. शेअर वेगवेगळे करा म्हणालो त्याचं हे दुसरं कारण, एका शेअरवरून दुसऱ्यावर हलवताना विंडोज आणि मॅक दोघेही कॉपी करून मूळ फाईल काढतात, म्हणजे हक्क आपोआप नव्या जागेचे येतात. मानधनाची फाईल चुकून संपादनात गेली तरी निदान तिथले लोक ती उघडू शकतात आणि तुम्हाला सांगू शकतात, भूत बनून बसत नाही.

उबुंटूवाल्या दोघांबद्दल. माझा अंदाज आहे की ते कधी फाईल मॅनेजरमधून एसएमबीने जातात आणि कधी एसएसएचने थेट सर्व्हरवर एससीपी किंवा आर-सिंक मारतात. दुसऱ्या रस्त्याने आलेल्या फायलींना सांबाचे मास्क लागूच होत नाहीत, तिथे त्यांचा यू-मास्क (नव्या फाईलला काय परवानगी मिळेल ते ठरवणारं लिनक्सचं सेटिंग) चालतो, आणि आर-सिंक जर आर्काइव्ह मोडमध्ये असेल तर लॅपटॉपवरच्या परमिशन तशाच घेऊन येतो. दोन पर्याय आहेत: त्यांनाही एसएमबीनेच यायला सांगा, किंवा सर्व्हरच्या फोल्डरवर डिफॉल्ट पॉसिक्स एसीएल, म्हणजे आत बनणाऱ्या फायलींना आपोआप लागणारी हक्कांची यादी, लावा. मी पहिला निवडेन. त्यांच्या मशीनवर एफ-एस-टॅबमध्ये (बूटला काय जोडायचं त्याची यादी) सीआयएफएस, म्हणजे लिनक्सकडून एसएमबी, माउंट करा, यूझर-पासवर्ड वेगळ्या क्रेडेन्शियल फाईलमध्ये ६०० करून ठेवा, आणि यूआयडी व जीआयडी, म्हणजे यूझरचा आणि गटाचा नंबर, त्यांच्या स्वतःच्या द्या. हे दिलं नाही तर माउंट रूटच्या नावाने दिसतो आणि त्यांना लिहिताच येत नाही, तुमचं ते परमिशन डिनाइड मला तरी हेच वाटतंय. नेटवर्क नसताना लॅपटॉप बूटला अडकू नये म्हणून नो-फेल आणि सिस्टिमडीचं ऑटोमाउंट टाका. आणि त्यांना सांगा की तिथे सी-एच-मॉड मारून काही होत नाही, दिसणारी परमिशन ही लॅपटॉपने रंगवलेली असते, खरी सर्व्हरवर आहे.

विंडोजवाल्यांच्या बाजूने तीन गोष्टी सारख्या येतात. पहिली, पासवर्ड विचारल्यावर लोक पिन टाकतात. तो चार आकडी पिन त्या मशीनपुरताच असतो, नेटवर्कवर चालत नाही, सर्व्हरवरच्या खात्याचं नाव आणि पासवर्ड टाकायचा. दुसरी, एरर १२१९, म्हणजे एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी जोडायला गेलात, विंडोज ते होऊ देत नाही. नेट यूज कमांडने जुनी जोडणी काढा, क्रेडेन्शियल मॅनेजरमधलं जुनं नाव पुसा, मग नव्याने जोडा. कुणी एकदा आयपीने आणि एकदा नावाने जोडून पळवाट काढतं, ती चालते खरी पण मग कुठली खिडकी कुठल्या नावाने उघडलीय हे कळत नाही. तिसरी, विंडोज ११ ची २०२४ ची २४एच२ आवृत्ती आली की प्रो मशीनवर बिनपासवर्डचं गेस्ट शेअर उघडत नाही आणि साइनिंग सक्तीचं होतं. बऱ्याच ऑफिसात तेव्हाच "काल चालत होतं" सुरू झालं. रजिस्ट्री बदलून गेस्ट परत चालू करायचे व्हिडिओ सापडतील, ते करू नका, प्रत्येकाला खातं दिलं की तो प्रश्न उरतच नाही.

मॅकसाठी सांबाचं फ्रूट नावाचं मॉड्यूल लावा, सोबत कॅटिया आणि स्ट्रीम्स-एक्सॲटर. हे ग्लोबल भागात टाका, एका शेअरला आहे आणि दुसऱ्याला नाही असं करू नका, कारण मॅक पहिल्याच जोडणीत सर्व्हरला ॲपलची भाषा येते का हे ठरवून टाकतो. याने मॅक मूळ फाईलशेजारी बनवतो त्या डॉट-अंडरस्कोरवाल्या जुळ्या फायलींचा पसारा बराच कमी होतो.

आणि आता नावं. मॅकवर फाईलच्या नावात तिरकी रेघ चालते, डिझाइनर मंडळी तारीख तशीच लिहितात, "मुखपृष्ठ १२/१०". विंडोजला ती रेघ, कोलन, प्रश्नचिन्ह, तारा यातलं काहीच चालत नाही, मग मॅक त्या जागी एक खासगी अक्षर पाठवतो आणि विंडोजवर चौकोन दिसतो किंवा सांबाने बनवलेलं टिल्डवालं छोटं नाव दिसतं. फ्रूट-एन्कोडिंग नेटिव्ह केल्यावर थोडं सुधारतं, पण खरं औषध म्हणजे तारीख २०२५-१०-१२ अशी लिहा हा नियम. नावाच्या शेवटी स्पेस किंवा टिंबही नको, विंडोजवर अशी फाईल दिसते पण उघडत नाही. उबुंटूवरून कॅपिटल आणि स्मॉलच्या फरकाने एकाच नावाच्या दोन फायली बनू शकतात, विंडोजला त्यातली एकच हाताला लागते, तेही सांगून ठेवा.

पण आपल्या ऑफिसात याहून एक मजेदार गोष्ट होते जी इंग्रजी मदतपानांवर सापडणार नाही. "शेतकऱ्यांची मुलाखत" या नावातला तो ऱ घ्या. युनिकोडमध्ये तो एकच अक्षर म्हणून साठवता येतो, किंवा साधा र आणि खाली नुक्ता अशा दोन तुकड्यांत. मॅकची जुनी एचएफएस प्लस डिस्क नाव साठवताना तुकडे करते, विंडोज आणि लिनक्स जे टाइप झालं ते तसंच ठेवतात. वर काही कीबोर्ड ऱ्य टाइप करताना र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात, म्हणजे तिसरा प्रकार. डोळ्यांना तिन्ही सारखेच, सर्व्हरला तीन वेगळ्या फायली. जुन्या मॅकच्या डिस्कवरून आर-सिंकने किंवा झिप करून सर्व्हरवर आणलेल्या गोष्टींत हे हमखास सापडतं, एकाच नावाच्या दोन फायली शेजारी-शेजारी, किंवा सर्चमध्ये नाव टाकलं तरी सापडत नाही. कॉन्व्ह-एमव्ही नावाचं टूल आहे, त्याने अख्ख्या फोल्डरची नावं एनएफसी, म्हणजे तुकडे जोडून एकच अक्षर, अशा प्रकारात आणता येतात. आधी नुसता ट्रायल रन बघा, ते मुळातच असं आहे की वेगळं सांगितल्याशिवाय काही बदलत नाही. अदृश्य जोडचिन्हवाला प्रकार मात्र त्याने जात नाही, त्यासाठी छोटी स्क्रिप्ट लिहावी लागेल.

लांबीचंही बघा. लिनक्सच्या ईएक्सटी४ वर फाईलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे फक्त ८५ चिन्हं, त्यात काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. एनटीएफएसला तीच मर्यादा २५५ एककांची आहे, देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे एक एकक, त्यामुळे विंडोजच्या डेस्कटॉपवर व्यवस्थित असलेली "अमुक तमुक यांची दिवाळी अंकासाठी घेतलेली मुलाखत अंतिम सुधारित खरोखर अंतिम आता नक्की शेवटची सुधारित प्रत" शेअरवर टाकली की एरर येतो आणि कुणाला कळत नाही का. सिनॉलॉजीचं एनक्रिप्टेड शेअर घेणार असाल तर तिथे जुन्या पद्धतीत १४३ बाइटच मिळतात, देवनागरीत ४७ चिन्हं. नॅस घ्यायच्या आधी तुमची सगळ्यात लांब नावं मोजून बघा, गंमत नाही करत.

डिलीटचं राहिलं होतं. नेटवर्कवरून डिलीट केलेली फाईल विंडोजच्या रीसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. सांबाचं रीसायकल मॉड्यूल लावा, कीप-ट्री चालू ठेवा म्हणजे फोल्डरची रचना राहते, आणि ते बिन मानधनाच्या शेअरचं मानधनाच्याच आत राहू द्या, एकत्र करू नका, नाहीतर लपवलेल्या फायली कचऱ्यातून सगळ्यांना मिळतील. डिस्क झेडएफएस किंवा बीटीआरएफएस असेल तर तासाला स्नॅपशॉट आणि शॅडो-कॉपी मॉड्यूल, मग विंडोजवाले उजवं क्लिक करून जुनी आवृत्ती स्वतःच काढतात, तुम्हाला उठवत नाहीत. हे दोन्ही असलं तरी बॅकअप वेगळाच हवा, आणि तो शेअर म्हणून कुठल्याही मशीनला जोडलेला नको, कारण रॅन्समवेअर ज्या मशीनवर शिरतं तिथल्या माणसाला जिथे-जिथे लिहिता येतं ते सगळं एनक्रिप्ट करतं. ७७७ च्या काळात ते म्हणजे अख्खं ऑफिस होतं.

टॅली आणि आउटलुकची पीएसटी फाईल या शेअरवर टाकायची असेल तर थांबा. पीएसटी नेटवर्कवर ठेवणं मायक्रोसॉफ्टलाच मान्य नाही, ती खराब होते. टॅलीचा डेटा वेगळ्या जागी, वेगळ्या बॅकअपने, या चार शेअरच्या बाहेर. घरून काम करणाऱ्यांसाठी व्हीपीएन, राउटरवर एसएमबीचा ४४५ पोर्ट कुणी कितीही गळ घातली तरी उघडायचा नाही.

क्रम असा ठेवा: शुक्रवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर आधी पूर्ण बॅकअप, मग खाती आणि गट, मग एकच शेअर, मला वाटतं डिझाइनचं, नव्या पद्धतीने. तीन टेस्ट खाती बनवा आणि विंडोज, मॅक, उबुंटू तिन्हीवरून एकच एक्सेल फाईल आळीपाळीने उघडून सेव्ह करा, दर वेळी सर्व्हरवर एलएस मारून गट आणि परमिशन तशीच राहिली का बघा. ती तीन फेऱ्यांत हलली नाही तर बाकीची शेअर करा. हलली तर टेस्टपार्मचं (सांबाची सेटिंग तपासणारी कमांड) आउटपुट, त्या फोल्डरचं गेट-एफएसीएल (हक्कांची यादी दाखवणारी कमांड), आणि सांबाची आवृत्ती इथे टाका. डिस्क कुठल्या फाईल सिस्टिमवर आहे हेही लिहा, तुम्ही प्रश्नात ते दिलेलं नाही, आणि ती जर बाहेरून लावलेली एक्सफॅट डिस्क असेल तर तिच्यावर मालक-गट काही साठतच नाही, मग वरचं अर्धं लिहिणं डिस्क बदलल्याशिवाय लागू होणार नाही.